टाकीतलं विहिरीचं पाणी

दाजी,

कावळा लगेच शिवला. दहाव्याला गोदावरीच्या काठावर पिंड ठेवला, गुरुजी मागं सरकले न सरकले तोच तो खाली आला आणि भाताचा घास घेऊन गेला. लोक म्हणाले, माणूस तृप्त गेला, मागं काही राहिलं नाही. मला ते पटलं नाही. मी एक वाक्य तयार ठेवलं होतं. कावळा अडून बसला असता तर चार पावलं पुढं होऊन सगळ्यांदेखत बोलणार होतो: दाजी, तुमच्या टाकीत विहिरीचं पाणी मी घातलं. त्यानं तेवढीसुद्धा सवड दिली नाही. मग मी धोतर झटकलं आणि बाकीच्यांबरोबर टेम्पोत जाऊन बसलो.

म्हणून आता कागदावर लिहितो. माझी शाळा चौथीपर्यंत. शुद्ध लिहिणं मला येत नाही आणि या वयात शिकायची गरजही वाटत नाही. तुम्ही कुठं जन्मला, बोटीवर कधी लागला, मागं कोण कोण आहे, हे सगळं शांतानं पेपरात छापून घेतलंय. ते परत लिहीत नाही. माझी बहीण शांता तुम्हाला दिली तेव्हापासून तुम्ही माझे दाजी, पण आपली खरी ओळख झाली ती शेवाळावरून. म्हणून शेवाळाचंच लिहितो.

बोटीवरची नोकरी संपवून तुम्ही कोपरगावात घर बांधलं आणि बैठकीच्या खोलीत चार फुटांची काचेची टाकी आणून ठेवली. त्यापायी सोफा व्हरांड्यात गेला. टाकीत खारं पाणी, पाण्यात दगड, दगडांवर जिवंत पोवळी. मला पोवळं म्हणजे अंगठीतला लाल खडा एवढंच माहीत होतं. ही तर मऊ, शर्टाच्या बटणाएवढी, दिवा लागला की उघडणारी आणि हात नेला की मिटणारी. शांता म्हणायची, समुद्राचं मीठ बादलीनं येतं आणि घरात मिठाची बरणी रिकामी.

मी पहिल्यांदा बघायला आलो तेव्हा तुम्हाला डिवचलं होतं.

"दाजी, तीस वर्सं समुद्र बघून पोट भरलं न्हाई व्हय? घरात आनून ठिवलाय!"

"बघितला कुठं, तात्या? आमी इंजनात. तिथं खिडकी नसती. समुद्र लोखंडाच्या पल्याड. नुसता आवाज ऐकलाय."

मी तिथं हसलो. वस्तीवर परत जाताना गाडीवर मात्र हसू आलं नाही. तीस वर्षं एखादा माणूस मळ्याला टेकून बसला आणि मळा त्यानं बघितलाच नाही, असं काहीतरी ते होतं.

तुम्ही मला सगळं समजावून सांगायचा. मला कुणी समजावलेलं आवडत नाही, पण तुमची भाषा शेताची होती म्हणून ऐकून घेतलं. उजेड म्हणजे ऊन, दगड म्हणजे जमीन, माशांची घाण म्हणजे खत. खत जास्त झालं की तण. इथलं तण म्हणजे शेवाळ. ते माजलं की पोवळ्यांवर चढतं आणि त्यांना गुदमरवून मारतं. म्हणून टाकीत घालायचं पाणी एकदम कोरं पाहिजे, आरओचं, दुकानातून जारनं आणलेलं. उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी उडून जायचं, तेवढं कोरं पाणी रोज वरून घालायचं.

"कोरं पानी म्हंजी मेलेलं पानी," मी म्हणालो होतो. "त्यात जीव कसा जगंल?"

"जीव बाकीच्यातनं येतो. पान्यानं फकस्त मधी मधी करायचं न्हाई."

हा वाद तिथंच राहिला. तो तसाच राहिला म्हणून पुढचं सगळं झालं.

तुमच्या छातीत कळ आली आणि तुम्हाला नाशिकला नेलं. जाताना गाडीत बसूनसुद्धा तुम्ही शांताला नाही, मला सांगितलंत, तात्या, टाकीचं तेवढं बघा, जारवाल्याला सांगितलंय. मी हो म्हणालो. पहिल्या दिवशी जारच आणला. दुसऱ्या दिवशी जार उचलताना मनात आलं, आपल्या विहिरीला काय झालंय? माझ्या वडिलांनी सुरुंग लावून काढलेली विहीर. आख्खी वस्ती तिचं पाणी पिते. पाहुणे जाताना कळशी भरून नेतात. आणि माझ्याच बहिणीच्या घरात मी दुकानातलं पाणी ओतू? तिसऱ्या दिवशी गाडीला दोन कॅन बांधले आणि विहिरीचं पाणी घेऊन आलो. माशांना काही झालं नाही. पोवळी उघडलेली होती. मला वाटलं, घ्या, झालं काय?

तुम्ही परत आलात तेव्हा डॉक्टरनं वजन उचलायला मनाई केली होती. म्हणजे पाणी आणायचं काम माझ्याकडंच राहिलं. आठवड्यातून दोनदा येत होतो. कॅनला काही नाव लिहिलेलं नसतं.

महिन्याभरात दगडांना हिरवी लव आली. मग ती केसाएवढी झाली, मग वीतभर, पंप चालू झाला की म्हशीच्या शेपटीसारखी हलायची. बटणं एक एक करून तिच्याखाली मिटली. तुम्ही काचेला नाक लावून बसलेले, मी शेजारी उभा.

"तात्या, पानी कुठलं घातलं?"

"जारचं."

एवढंच. चार शब्द तुमचे, एक माझा. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं नाही. तुम्ही माणसावर विश्वास ठेवायचा आणि यंत्रावर संशय घ्यायचा, हे मला माहीत होतं. इंजिनवाल्याची सवय.

मग तुम्ही यंत्रावर संशय घेत बसलात. दिवे चार तास कमी केले. फेस काढायचं यंत्र खोलून पुन्हा बसवलं. मिठाची बादली बदलली. गोगलगायी आणून सोडल्या, त्यांनी दोन दिवस खाल्लं आणि मग काचेवर चढून बसल्या, त्यासुद्धा म्हणाल्या असतील, एवढं आमच्यानं व्हायचं नाही. छोट्या नळीत पाणी घेऊन तुम्ही थेंब टाकायचा, रंग बघायचा. रंग दरवेळी पिवळाच, म्हणजे पाणी निर्मळ.

"पान्यात खत सापडत न्हाई, आन तन तर माजतंय. हे कसं, तात्या?"

मला ठाऊक होतं कसं. तण माजलेल्या रानातली माती तपासली तर खत सापडत नाही, कारण ते तणाच्या पोटात गेलेलं असतं. हे कोणताही शेतकरी सांगेल. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की मग खत आलं कुठून. आणि माझ्या विहिरीभोवती चाळीस वर्षं ऊस आहे. चाळीस वर्षं त्याला युरिया आहे. तो जातो कुठं?

शेवाळ तुम्ही हातानं उपटायला बसायचा आणि मी बरोबर बसायचो. जुना दात घासायचा ब्रश, एक चिमटा आणि बादली. मी म्हणालो, मी रोज येऊन खुरपतो. तुम्ही अडलात.

"फुकाट न्हाई. सावड करू. तुमी एक दिस माझी टाकी खुरपा, मी एक दिस तुमच्या कांद्यात."

आणि खरंच आलात. टोपी, गॉगल, बोटीवरचे बूट. एका वाफ्यात दोन तास बसून खुरपलंत आणि कमरेवर हात ठेवून अभिमानानं उभे राहिलात. लव्हाळा सगळा जागेवर होता आणि कांद्याची रोपं उपटून बांधावर नीट रचून ठेवलेली. खुरपायला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यातली एक म्हणाली, "पाव्हनं, कांदा नकोच असंल तर तात्यांला तसं सांगा की, एवढं वनवन कशाला?" तुम्ही सगळ्यांत जास्त हसलात. संध्याकाळी मला म्हणालात, "तात्या, एक वाफा तुमचा गेला, एक पोवळं माझं गेलं. फिटलं." तुमच्या मनात काही नव्हतं. माझ्या मनात होतं, म्हणून ते मला लागलं.

सरपंच गेला तेव्हा मात्र मला खरं बोलायला हवं होतं. पिसाऱ्यासारखे पंख असलेला तो मासा. दिवसभर एका जागी रुबाबात थांबायचा, काही करायचा नाही, आणि कोळंबी आली की सगळ्यांच्या आधी तोंड उघडायचा, म्हणून तुम्हीच त्याला सरपंच नाव ठेवलेलं. काडीला कोळंबी लावून तुम्ही त्याला भरवायचा. तो टाकीत आला तेव्हापासून दुसऱ्या कुणी भरवलेलं त्यानं खाल्लं नाही. कुणीतरी तुम्हाला सांगितलं, एवढा खाणारा मासा ठेवला तर घाण होणारच, शेवाळ त्यामुळंच. तुम्ही आठ दिवस विचार केलात. मग तुमच्या नाशिकच्या एका दोस्ताला त्याला देऊन टाकलंत. थर्माकोलच्या डब्यात पिशवी, पिशवीत सरपंच. डब्याचं झाकण मी धरलं होतं आणि चिकटपट्टी तुम्ही लावली. मला म्हणालात, "चांगल्या घरी चाललाय."

मी गप्प राहिलो. ती गोष्ट मी माझ्या नावावर घेतो. बाकी कशाला कारणं देता येतील, याला येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी जारचं पाणी आणायला लागलो. मुकाट्यानं. चार महिने विहिरीचं घातलं होतं. ते बंद केलं तरी शेवाळ जाईना. हरळीसारखं ते, खत तोडलं तरी मुळीवर वर्षभर जगतं. थोडं विरळ झालं तेव्हा तुम्ही म्हणालात, दिव्याचे तास कमी केल्याचा गुण आला. मी म्हणालो, असंल.

मग आपलं भांडण झालं. तुम्ही एक दिवस माझ्या खालच्या पट्ट्याचा विषय काढलात, जो चोपण होऊन पडलाय. पाटाचं पाणी मुबलक होतं तेव्हा मी उसाला इतकं पाणी दिलं की दोन एकर पांढरे पडले, कुसळ उगवत नाही. ते माझ्यासमोर कुणी बोलत नाही. तुम्ही बोललात.

"तात्या, रागवू नका. त्या पट्ट्यात झालं काय? पानी उडालं, खार मागं ऱ्हायला. टाकीचं तसंच हाय. पानी उडतं आन पान्यातलं जे असंल ते मागं साचत जातं. म्हनून म्हनतो, एक बाटली विहिरीचं पानी आना. तपासतो. टाकीसाठी न्हाई, तुमच्या घरासाठी. पिताय ना तुमी समदे?"

"माझ्या विहिरीची परीक्षा घेनार?"

"परीक्षा कसली? थेंब टाकायचा, रंग बघायचा."

"ज्या विहिरीच्या पान्यावर तुमची बायकू वाढली, तिला आता नळीत घालून बघनार? न्हाई मिळनार बाटली."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. रागानं नाही. घरघरणाऱ्या पंपाकडं कान लावून बघायचा, तसं. मी उठलो आणि निघालो. दीड महिना तुमच्या घरी आलो नाही. जार दुकानवाल्याच्या हाती पाठवत राहिलो. त्या बघण्यात तुम्हाला सगळं कळलं होतं का, हे मला माहीत नाही. आता कळायचा मार्ग नाही आणि मी उगाच कल्पना करत बसणारा माणूस नाही.

समेट तुम्हीच केलात. फोन केलात आणि म्हणालात, "सावडीचा एक दिस तुमच्याकडं बाकी हाय." मी आलो. ब्रश घेतला. विहिरीचा विषय तुम्ही परत काढला नाही, मीही नाही. त्यानंतर तीन आठवडेच मिळाले.

तुम्ही गेलात त्या सकाळी मी दोन जार घेऊन आलो होतो. दारात चपला जास्त होत्या. जार कोपऱ्यात ठेवून आत गेलो, तुम्हाला बघितलं. मग टाकीकडं बघितलं, पाणी दोन बोटं उतरलं होतं. बायका रडत होत्या आणि मी टाकीत पाणी ओतत होतो. पाव्हण्यांना ते बरं दिसलं नसेल. पंप कोरडा पडला तर दुपारपर्यंत टाकी मेली असती, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. तुम्ही असता तर आधी पाणी घाला म्हणाला असता.

तेराव्यानंतर पाव्हणे पांगले. घरात शांता, तुमची वैशाली आणि मी. शांता टाकीकडं पाठ करून बसली होती.

"दादा, ती टाकी काढून टाक. मला बघवत न्हाई."

"का गं? दाजींची हाय."

"म्हनूनच. तुला ठावं न्हाई, शेवटी शेवटी ते काय म्हनायचे. म्हनायचे, शांते, माझा हात गेला. तीस वर्सं इंजनाचा एक नट ढिला ऱ्हाऊ दिला न्हाई, आन हे चार फुटांचं पानी मला संबाळता येईना. त्यांचे ते मासेवाले दोस्त म्हैन्याला एकेकाच्या घरी जमतात, तर वर्सभर आपली पाळी पुढं ढकलली. लाज वाटायची त्यांला. माझंच कुठं चुकतंय, हेच शोधत गेले बघ."

माझा हात गेला. हे तुम्ही मला कधी बोलला नव्हता. मी समजत होतो, गेलं ते शेवाळापायी गेलं, चार पोवळी आणि एक मासा. तुमचा स्वतःवरचा भरवसा गेला, हे माझ्या हिशेबातच नव्हतं. मी चहा न घेता उठलो.

दुसऱ्या दिवशी विहिरीच्या पाण्याची बाटली भरून आणली. वैशालीला म्हणालो, तुझ्या बापाची ती नळी काढ. तिनं पाणी घेतलं, थेंब टाकले, पूड टाकली, हलवलं. थोडा वेळ थांबायचं असतं. पिवळं होतं ते नारिंगी झालं, मग लाल. रंगाच्या कागदावर शेवटचा चौकोन असतो, त्याहून गडद.

"मामा, हे कुठलं पाणी?"

"माझ्या विहिरीचं."

"प्यायला हेच वापरता?"

"आता न्हाई वापरनार. पर ते माझ्या घरचं झालं. हेच पानी मी टाकीत घातलं. दाजी नाशिकला गेल्ते तवापासनं, चार म्हैने."

शांता दारात उभी होती. ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. तिनं माझ्याशी कधी वरच्या आवाजात बोललेलं नाही, तेव्हाही बोलली नाही.

"त्यांनी तुला इचारलं हुतं."

"व्हय."

"आन तू जारचं म्हनलास."

"व्हय."

"सरपंचाला दिलं, त्येच्या आदी?"

"आदी."

ती आत गेली. वैशाली नळी धुवत राहिली, लागतं त्यापेक्षा जास्त वेळ. शांता बाहेर आली ती तुमचा मोबाईल घेऊन.

"मला सांगून भागत न्हाई, दादा. मला ते कसे हुते ते ठावं हाय. ज्यांच्यापुढं त्यांनी मान खाली घातली, त्यांच्यापुढं सांग. येत्या रविवारी समद्यांला बोलावते. तोंडानं सांगू नगंस, तू तोंडानं सांगताना गोष्ट फिरवशील. लिहून आन आन वाच."

खरं बोलली. मी फिरवली असती.

तर दाजी, हे ते लिहिलेलं. रविवारी तुमच्या बैठकीत, तुमच्या दोस्तांसमोर, टाकीशेजारी उभा राहून वाचणार आहे. ते शिकलेले लोक आहेत, नाशिकचा सरपंचवाला पण येतोय. हसले तर हसू देत. आयुष्यात मी सोसायटीच्या सभेत नाही की भावकीच्या वाटणीत नाही, कुठं चुकलो असं म्हटलेलं नाही. म्हणायची वेळ आली नव्हती असं नाही. माफी मागत नाही. देणारा नसताना मागणं म्हणजे स्वतःचीच समजूत काढणं, ते मला जमत नाही.

शांता आता टाकी काढायची म्हणत नाही. तिनंच सकाळचे दिवे लावायचं काम घेतलंय. शेवाळ अजून आहे. मागच्या दगडाला दाट, पुढं विरळ. एका कोपऱ्यात तीन बटणं जिवंत आहेत, काल उघडली होती. वैशाली म्हणते, मूळ दगडात आहे, पाऊण वर्ष तरी लागेल. माझं वय बघता पाऊण वर्ष म्हणजे बरंच झालं, पण मी रोज येतो. खाली बसवत नाही म्हणून स्टूल घेतलाय.

मंडळींना एकच सांगायचं ते तुमच्यासमक्ष सांगतो. या माणसाचा हात शेवटपर्यंत शाबूत होता. दिवे बरोबर होते, मीठ बरोबर होतं, मासा निर्दोष होता. या टाकीत जे जे आहे ते दाजींचं आहे. शेवाळ तेवढं माझं.